‘कौल’ नको, ‘मतपाहणी’ म्हणा

डिचोलीहून विचारणा आली आहे: मुसलमानांविषयी लोकांना काय वाटते, हे जाणून घेणाऱ्या प्रश्नावलीचे मराठी करताना ‘जनमत कौल’ लिहावे की ‘मतपाहणी’? आणि ‘मुस्लिम’, ‘इस्लाम’ आलटूनपालटून वापरले तर चालेल का?

मतपाहणीच. ‘कौल’ मूळचा अरबी, अर्थ शब्द किंवा वचन. मराठेशाहीत रयतेला अभय देणारा कागद तो कौलनामा. आपल्याकडे गोव्यात देवाला पाकळ्या लावून घेतात तो कौल, आणि १६ जानेवारी १९६७ रोजी गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा (फूल) की वेगळा ठेवायचा (दोन पाने) यावर शिक्के पडले तोही कौल. तिथे ३४,०२१ मतांच्या फरकाने विलीनीकरण फेटाळले गेले. कौल मिळाला की तो पाळायचा असतो. पाहणीतून फक्त अंदाज येतो. शेजाऱ्यांच्या एका समाजावर ‘कौल’ घ्यायचा, ही भाषाच मला सहन होत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर: अजिबात नाही. मुसलमान किंवा मुस्लिम म्हणजे माणसे, इस्लाम म्हणजे धर्म. ‘मुस्लिम धर्म’ हेही टाळा. एखाद्या शिकवणुकीबद्दल आक्षेप असलेला माणूस शेजारच्या घरी ईदेचा शीरखुर्मा आवडीने खातो. एकाच प्रश्नात दोन्ही कोंबले तर त्याने उत्तर कशाचे द्यायचे?

खरी गोची क्रियापदात होते. ‘मुसलमान शेजारी चालेल का?’ यातल्या ‘चालेल’ला सोसून घेण्याचा वास आहे. ‘आवडेल’ म्हटले की होकार कमी होतात, कारण आवड ही फार मोठी अट झाली. ‘हरकत नाही ना?’ तर सर्वांत वाईट: ‘नाही’ म्हणणारा आणि ‘हो’ म्हणणारा, दोघांनाही हरकत नाही असेच म्हणायचे असू शकते, नोंदणारा मात्र दोन वेगळ्या रकान्यांत खुणा करतो. ‘शेजारी मुसलमान कुटुंब राहायला आले तर तुम्हांला हरकत असेल की नसेल?’ असे दोन्ही पर्याय उच्चारून विचारा. ‘तुमचे मत काय?’ ऐवजी ‘तुम्हांला काय वाटते?’ बरे, निवडणुकीच्या दिवसांत ‘मत’ ऐकताच माणूस सावध होतो.

अहवालातही ‘गोव्यातले मुसलमान म्हणतात’ असे सरसकट लिहू नका. २०११ च्या जनगणनेत राज्यात मुसलमान ८.३३ टक्के होते. म्हणजे हजार जणांच्या नमुन्यात सुमारे ८३. तेवढ्यांच्या उत्तरांत ११ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे होऊ शकते. ‘उत्तर देणाऱ्या मुसलमानांपैकी’ असे लिहा, आणि ते किती जण होते तो आकडा सोबत द्या.