आधी ग्रब, मग जिग

प्रश्न : दादा, आम्ही मिशिगनमध्ये ॲन आर्बरला राहतो. माझा तेरा वर्षांचा मुलगा दोन उन्हाळे बास मासे धरायला जातोय, कधी ह्युरॉन नदीवर, कधी केन्ट लेकवर. त्याच्याकडे साडेसहा फुटी मिडियम स्पिनिंग रॉड आहे, रिळावर ८ पौंडी लाइन, म्हणजे ८ पौंड ताण सोसणारी दोरी. वाढदिवसासाठी आमिषं घ्यायला गेले, तर एका भिंतीवर अळीसारखे रबरी ग्रब आणि दुसऱ्या भिंतीवर झालर लावलेले जिग. तो म्हणतो, मोठे मासे जिगलाच लागतात. मला यातलं काहीच कळत नाही. काय घेऊ?

उत्तर : ताई, ग्रब घ्या. मुलाचं म्हणणं खोटं नाही, पण त्याच्या हातातला रॉड अजून मोठ्या जिगचा नाही.

कारण सांगतो. जिग म्हणजे डोक्याशी वजन ओतलेला गळ. नेहमीचा झालरवाला जिग ३/८ किंवा १/२ औंसाचा असतो आणि त्याचा गळ चांगलाच जाड. गळाच्या तोंडाशी नायलॉनच्या ताठ केसांचा ब्रश असतो, वेलीत, लाकडात अडकू नये म्हणून. माशाने तोंडात घेतल्यावर तो ब्रश दाबून जाड गळ जबड्यात रुतवायचा, तर सात फुटी ताठ रॉड आणि १५-२० पौंडी लाइन लागते. मी इथे आलो त्या पहिल्या वर्षी तुमच्या मुलासारख्याच रॉडला १/२ औंसाचा जिग बांधला होता. मासा लागला, काठापासून हातभर अंतरावर वर आला, तोंड उघडून एकदा डोकं झाडलं आणि जिग माझ्या पायाशी येऊन पडला. गळ रुतलाच नव्हता. तसे तीन मासे गेले, तेव्हा मला हे समजलं. तेरा वर्षांच्या मुलाचे तीन मासे असे जाऊ नयेत, एवढंच मला वाटतं.

ग्रबचा गळ बारीक, उघडा. मनगटाच्या झटक्याने बसतो. तीन इंची, कोयत्यासारख्या वळलेल्या शेपटीचे ग्रब घ्या. रंग दोनच पुरे : धुरकट आणि भोपळी हिरवा. सोबत १/८ आणि ३/१६ औंसाची गोल डोक्याची जिगहेड, म्हणजे ग्रब ओवायचे बिनझालरीचे वजनदार गळ.

मी मालवणचा. लहानपणी धक्क्यावर कोळंबी लावून गरवायचो, तेव्हा मासा वासाने यायचा. रबराला कसला वास? इथे सगळं काम चालीवर आहे, म्हणून ग्रब ओवण्यात घाई करू नये. गळ आधी ग्रबच्या शेजारी धरून बघायचा, तो कुठे बाहेर येईल तिथे नखाने खूण करायची. मग नाकाच्या बरोबर मधोमध टोचून, सुईत मणी ओवावा तसा ग्रब सरकवत न्यायचा आणि खुणेवर गळ बाहेर काढायचा. ग्रब सरळ बसला पाहिजे. वाकडा बसला तर पाण्यात गिरक्या घेतो आणि लाइनला पीळ पडतो. काठाजवळच्या स्वच्छ पाण्यात एकदा ओढून बघायला सांगा. शेपटी सारखी फडफडत राहिली की झालं.

ह्युरॉनवर खडकाळ तळ आणि स्मॉलमाउथ जातीचे बास. तिथे प्रवाहाच्या वरच्या बाजूला तिरपं फेकायचं, ग्रब तळाला टेकू द्यायचा, मग तळाच्या जरा वरून सावकाश रीळ फिरवायचं. बहुतेक मुलं फार भरभर फिरवतात.

केन्ट लेकवर पाणवेलींच्या कडेला लार्जमाउथ जातीचे बास असतात आणि तिथे उघड्या गळाचा ग्रब दर फेकीला शेवाळ घेऊन येतो. तिथे मात्र झालरवाला जिगच हवा. त्यासाठी १/४ औंसाचा फिनेस जिग घ्या. त्याचा गळ बारीक आणि ब्रश मऊ असतो, त्यामुळे त्याच रॉडवर चालेल. त्याच्या गळाला मागून ग्रबच ओवायचा, म्हणजे वेगळं पाकीट नको. पाण्यात झालर फुलते, ग्रबची शेपटी हलते, आणि बासला ती क्रॉफिश वाटते. क्रॉफिश म्हणजे शेवंडीची गोड्या पाण्यातली बोटभर चुलत बहीणच. मोठा बास तिच्यावर टपलेला असतो, म्हणून मुलगा म्हणतो ते खरं आहे.

पण जिग ओढायचा नसतो. तळाला टेकवायचा, रॉडचं टोक वीतभर उचलायचं, परत टेकू द्यायचा. जिग खाली जाताना लाइनवर डोळा ठेवायचा. मासा बहुतेक वेळा तेव्हाच घेतो. हाताला एकच ‘टक्’ जाणवतं, किंवा काहीच जाणवत नाही आणि लाइन बाजूला सरकू लागते. हे एकदा कळायला मला एक अख्खा जून लागला. जिगच्या दिवशी जिगहेडची डबी घरीच ठेवायला सांगा. जवळ असली की पंधरा मिनिटांत हात तिकडेच जातो.

परवडत असेल तर जिगहेड शिशाऐवजी टंगस्टन धातूची घ्या. महाग आहेत. पण तळाशी तुटून राहिलेलं शिसं गिळून लून नावाचे पाणपक्षी मरतात, आणि मुलाच्या हातालाही शिसं नको. शिशाचीच घेतलीत तर डबा खाण्याआधी हात धुवायला लावा.

आणि एक. सतरा वर्षांखालच्या मुलाला मिशिगनमध्ये लायसन्स लागत नाही, पण त्याला मासा काढायला मदत करणाऱ्या मोठ्या माणसाला लागतं. तेव्हा तुमचंही काढून घ्या. नव्या वर्षाचं १ एप्रिलला सुरू होतं.