उबंटू, मिंट की डेबियन? नवख्यांच्या प्रश्नांना उत्तरे

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपल्यापासून विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमविषयीची पत्रे वाढली आहेत आणि बहुतेकांतील गोंधळ एकच आहे. म्हणून काही प्रश्नांना येथे एकत्रच उत्तरे देत आहे.

प्रश्न : डेबियन, उबंटू आणि मिंट यांपैकी खरे लिनक्स कोणते?

उत्तर : तिन्ही; ही लिनक्सचीच वेगवेगळी रूपे आहेत. डेबियन १९९३ पासूनचे, त्याच्या पायावर २००४ मध्ये उबंटू आले आणि उबंटूवर मिंट बेतलेले आहे. विंडोजची सवय असलेल्याने मिंटची सिनॅमन (विंडोजसारख्या मांडणीची) आवृत्ती घ्यावी.

प्रश्न : उबंटू २४.०४ घ्यावे की २५.१०? मोठा आकडा अधिक चांगला, असे मित्राचे म्हणणे आहे.

उत्तर : या एका ऐकीव समजुतीने जितके नवखे अडचणीत आले, तितके अन्य कशाने आले नसतील. हे आकडे वर्ष आणि महिना दाखवतात, दर्जा दाखवत नाहीत. सम वर्षाच्या एप्रिलमध्ये येणाऱ्या, ‘एलटीएस’ (दीर्घकालीन सपोर्ट) असा शिक्का असलेल्या आवृत्तीला पाच वर्षे सुरक्षा अपडेट मिळतात. मधल्या आवृत्त्यांना केवळ नऊ महिने. त्यामुळे २४.०४ चा सपोर्ट २०२९ पर्यंत चालतो, तर त्यानंतर दीड वर्षाने आलेल्या २५.१० चा जुलै २०२६ मध्येच आटोपतो. मुदत संपली तरी संगणक पूर्वीसारखाच सुरू होतो, आणि धोका नेमका तेथेच आहे: सुरक्षेच्या दुरुस्त्या येणे थांबलेले असते, काही काळाने त्या आवृत्तीची पॅकेजे (सॉफ्टवेअरच्या फाइली) नेहमीच्या सर्व्हरवरून हलवली जातात, नवे सॉफ्टवेअर घालताना त्रुटींचे संदेश येऊ लागतात, आणि मगच लोक पत्र लिहितात! मुख्य मिंट २०१४ पासून केवळ एलटीएस आवृत्तीवरच बेतले जाते, हे ते सुचवण्यामागचे माझे मुख्य कारण आहे. डेबियनलाही साधारण तीन वर्षे पूर्ण आणि पुढे दोन वर्षे मर्यादित सपोर्ट असतो. कोणतेही नाव निवडण्यापूर्वी त्याची अंतिम तारीख अधिकृत संकेतस्थळावर पाहावी आणि ती आजच वहीत लिहून ठेवावी.

प्रश्न : दुकानदार मिंटच्या पेनड्राइव्हसाठी ‘आजीवन लायसन्स’चे पैसे मागतो. द्यावेत का?

उत्तर : नाही. मिंट विनामूल्य आहे. इन्स्टॉल करून देण्याची मजुरी त्याने मजुरी म्हणूनच मागावी. शिवाय अनोळखी पेनड्राइव्ह नकोच. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटच्या संकेतस्थळावरच हल्ला होऊन लोकांना छेडछाड केलेल्या फाइलकडे वळवले गेले होते; म्हणून डाउनलोडनंतर चेकसम (फाइलमध्ये बदल झालेला नाही हे दाखवणारा सांकेतिक क्रमांक) पडताळावा, आणि ते जमत नसेल तर जाणकाराकडून करून घ्यावे.

प्रश्न : दुकानाचा हिशेब टॅलीत आणि जुनी मराठी पत्रे श्री-लिपीत आहेत. लिनक्सवर चालेल का?

उत्तर : टॅली विंडोजसाठी बनवलेले आहे. ‘वाइनमध्ये (विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) चालते’ या भरवशावर जीएसटीचा हिशेब सोपवू नये. आधी आपल्या सीएंशी बोलावे. श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टांतील मजकूर युनिकोड या सर्वत्र चालणाऱ्या अक्षरसंकेतात नसतो, तेव्हा विंडोज असतानाच तो रूपांतरित करून जोडाक्षरे तपासावीत. नवे मराठी टंकलेखन मात्र लिनक्सवर इनस्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीने विनाअडथळा होते.

प्रश्न : माझा लॅपटॉप ३२ बिटचा आहे. डेबियन १३ चालेल का?

उत्तर : नाही, त्यात ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर उरलेला नाही. परंतु अनेकदा प्रोसेसर ६४ बिटचा असतो आणि केवळ विंडोज ३२ बिटचे. प्रोसेसरचे मॉडेल पाहून खात्री करावी.

प्रश्न : विंडोज ठेवून शेजारी मिंट घालता येईल का?

उत्तर : येईल. त्याआधी बिटलॉकरची (विंडोजमधील डिस्क-कुलुपाची) रिकव्हरी की कागदावर उतरवावी, बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्यावा, आणि पार्टिशन (डिस्कचे विभाग) बदलताना हे काम पूर्वी केलेली व्यक्ती शेजारी असावी.