बालआरोग्य : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : स. न. वि. वि. माझी मुलगी साडेतीन वर्षांची असून मुलगा आठ महिन्यांचा आहे. छिंदवाड्यातील सिरपच्या बातम्या वाचल्यापासून आमच्या घरी सगळ्याच औषधांची धास्ती बसली आहे. तापाचे औषधही देऊ नये, असे मुलांच्या वडिलांचे म्हणणे आहे. लसींमध्ये पारा असतो, तेव्हा मुलाची गोवराची लस टाळलेली बरी, असे जाऊबाई सांगतात. आम्ही नेमके काय करावे?
— एक वाचक, वर्धा

उत्तर : तुमची धास्ती अनाठायी नाही, मात्र खोकल्याचे सिरप, तापाचे औषध आणि लस या तिन्हींना तुम्ही एकाच मापाने मोजत आहात, ते बरोबर नाही.

छिंदवाडा भागात २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वीसहून अधिक मुले मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्यांतील अनेकांवर नागपुरात उपचार चालू होते. कोल्ड्रिफ या सिरपच्या एका बॅचमध्ये डायइथिलीन ग्लायकोल हे रसायन ४८.६ टक्के आढळले, जे ०.१ टक्क्याहून जास्त असताच कामा नये. हे मुळात औषध नव्हे. सिरपमध्ये द्रावक म्हणून ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकोल वापरतात. तो औषधी दर्जाचा न घेता स्वस्तातला कारखानी माल घेतला आणि तपासणीला फाटा दिला, की हे विष बाटलीत शिरते. त्याला रंग नाही आणि चव गोडसर आहे, त्यामुळे घरी कितीही निरखून पाहिले तरी काही कळत नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली याच रसायनाची भेसळ असलेल्या ग्लिसरीनने १४ रुग्णांचा बळी घेतला होता व लेंटिन आयोगाने त्याची सविस्तर चौकशी केली होती. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी तेच घडावे, याची शरम औषध-नियंत्रणाची जबाबदारी असलेल्यांना वाटली पाहिजे.

जे घरी ओळखता येत नाही त्यापासून वाचण्याचा पालकांच्या हातातला मार्ग एवढाच, की गरज नसलेले सिरप आणूच नये. लहान मुलांचा साधा सर्दी-खोकला बहुधा विषाणूंमुळे होतो, आठ-पंधरा दिवसांत आपोआप जातो आणि सिरपने तो लवकर बरा होत नाही. केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयानेही दोन वर्षांखालील मुलांना अशी औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सहसा देऊ नयेत, असे सांगितले आहे. मुलीला झोपताना अर्धा चमचा मध चालेल. मुलाला मात्र वर्ष पूर्ण होईपर्यंत मधाचे बोटही चाटवू नका. मूल शांत असताना पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. आठ महिन्यांच्या मुलाचे ५० किंवा साडेतीन वर्षांच्या मुलीचे ४० वा त्याहून अधिक भरले, छाती आत ओढली जाऊ लागली किंवा लघवी बंद झाली, तर तडक डॉक्टर गाठा.

तापाच्या पॅरासिटामॉलची गोष्ट वेगळी आहे. ते उपयोगी आहे आणि योग्य मात्रेत सुरक्षितही आहे. घोटाळा होतो तो मापात. बारा किलोच्या मुलाला एका वेळी सुमारे १५० मिलिग्रॅम पुरते. पाच मिलिलिटरला २५० मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे ते ३ मिलिलिटर होतात, १२५ असलेल्याचे ६ आणि एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असलेल्या थेंबांचे केवळ दीड. तेच थेंब कोणी सिरप समजून चमचाभर पाजले, तर तिपटीहून अधिक औषध पोटात जाते. म्हणून लेबलवरचा आकडा वाचा आणि बाटलीसोबतच्या मापानेच द्या. स्वयंपाकघरातला चमचा नको.

आता लस. थायोमर्सल हे पारायुक्त परिरक्षक (जंतूंची वाढ रोखणारे द्रव्य) पेंटाव्हॅलेंट या पाच आजारांवरच्या एकत्रित लसीसारख्या काही लसींच्या अनेक डोसांच्या कुपीत असते, कारण ती कुपी वारंवार सुई टोचून वापरली जाते. त्यातील इथाइल पारा शरीराबाहेर लवकर पडतो. माशांतून येणारा मिथाइल पारा निराळा. गोवर-रुबेलाच्या लसीत तर थायोमर्सल नसतेच, तेव्हा जाऊबाईंची शंका या लसीला मुळी लागूच होत नाही. गोवराच्या लसीचा संबंध स्वमग्नतेशी (ऑटिझमशी) जोडणारा १९९८ चा लेख अवघ्या बारा मुलांवर बेतलेला होता आणि २०१० मध्ये तो मागे घेण्यात आला. उलट गोवर किती जवळ आहे, हे २०२२ च्या अखेरीस मुंबईतल्या गोवंडीने दाखवले. तिथे मुले दगावली आणि लागण झालेल्यांत लस न घेतलेली मुले पुष्कळ होती. मुलाला नऊ महिने पूर्ण होताच पहिला डोस द्या, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान.

प्रश्न : आमच्या सासूबाई तान्ह्या नातीला घरी धरलेले काजळ घालतात. त्यात रसायन नाही, मग हरकत काय?
— एक वाचक, सांगली

उत्तर : विकतच्या काजळात आणि सुरम्यात शिसे आढळते, जे मुलांच्या मेंदूला कोणत्याही प्रमाणात चालत नाही. घरच्या काजळात ते बहुधा नसेल, पण बोटाबरोबर डोळ्यांत जंतू जातात आणि तान्ह्या बाळाची अश्रुनलिका अरुंद असल्याने ते तिथेच रेंगाळतात. दृष्ट लागू नये म्हणून तीट हवीच असेल, तर सासूबाईंना ती तळपायाला लावू द्या आणि वर मोजे घाला, म्हणजे ती बाळाच्या हाताला लागून तोंडात जाणार नाही.