अल्प्राझोलाम उद्यापासून एकदम बंद करू का?

तुमचा प्रश्न असा: वय २९, गे, राहायला सांगलीत, दीड वर्षं रोज रात्री अल्प्राझोलाम (चिंता कमी करणारी, झोप आणणारी गोळी) ०.५ मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या, डॉक्टरांना पत्ता नाही. आमच्यात ही गोळ्यांची सवय जास्त का, आणि उद्यापासून बंद करू का?

उद्यापासून बंद करू नका. रोज १.५ मिलिग्रॅम म्हणजे शरीर त्या गोळीवर टेकलंय. ती रक्तातून लवकर उतरते, साधारण अकरा तासांत निम्मी. एकदम सोडली की एक-दोन दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते, झोप पहिल्यापेक्षा वाईट होते. फिटसुद्धा येऊ शकते. माणूस फसतो तो इथेच. ‘मूळ त्रास परत आला’ समजून पुन्हा तीन गोळ्या घेतो. तो विड्रॉल असतो, म्हणजे गोळी तुटल्याचा त्रास.

डोस दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के उतरवतात. तुमची पहिली पायरी ०.१२५ ची: तीनपैकी एका ०.५ च्या जागी ०.२५ ची दीड गोळी. एसआर (औषध हळूहळू सोडणारी) लिहिलेली गोळी मोडू नये, औषध एकदम सुटतं. शेवटच्या पायऱ्या सगळ्यात जड जातात, तिथे घाई नको. काही डॉक्टर आधी डायझेपाम या त्याच गटातल्या औषधावर नेतात, कारण ते सावकाश उतरतं.

‘मन घट्ट कर, सुटेल’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगा की फिट मनाला विचारून येत नाही.

जास्त का? अल्प्राझोलाम वेदनाशामक नाही, पण कल कळावा म्हणून: अमेरिकेच्या २०१५ च्या राष्ट्रीय पाहणीत वेदनाशामकांचा गैरवापर लैंगिक अल्पसंख्याक प्रौढांत १०.४ टक्के निघाला, इतरांत ४.५. आपल्याकडे माझ्या मते निम्मं कारण लग्नाचा तगादा. दर रविवारी पोहे, रात्री झोप नाही. आणि काही डॉक्टर त्यावर ‘लग्न झालं की झोप लागेल’ म्हणून पट्टी लिहून देतात. हे औषध नव्हे, आळस आहे. दुसरं कारण लपवाछपवी. २०१४ पासून अशी गोळी घेणाऱ्याचं नाव औषध दुकानाच्या एच-वन रजिस्टरात चढतं, म्हणून लोक तीन दुकानं फिरतात, आईच्या डब्यातली उचलतात. मग एकूण डोस किती, हे एकाही डॉक्टरला कळत नाही.

आता खरं तर आधी सांगायला हवं होतं ते: वरचा हिशेब डॉक्टरांपुढे ठेवण्यासाठी आहे, घरी एकट्याने करण्यासाठी नाही. दारू किंवा ट्रामाडॉल (एक कडक वेदनाशामक) सोबत घेत असाल तर श्वास मंदावतो, झोपेतच. ट्रामाडॉलने फिटचा धोकाही वाढतो. पूर्वी फिट आली असेल तर तेही सांगा.

मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजात मानसोपचार विभाग आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुमची माहिती गोपनीय राहते आणि लैंगिकतेवरून भेदभाव करता येत नाही. सांगलीतच कुणी ओळखेल ही धास्ती असेल तर आधी १४४१६ या टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर बोला, फुकट आहे. जाताना सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, आईच्या डब्यातल्यासुद्धा.