तान्ह्या बाळाचे नाक चोंदल्यास

पहिले काही महिने बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेत असल्यामुळे, नाक चोंदले की ते दूध ओढताना मध्येच थांबून रडते; म्हणून पाजण्यापूर्वी औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ०.९ टक्के सलाइनचे (मिठाच्या निर्जंतुक पाण्याचे) एक-दोन थेंब प्रत्येक नाकपुडीत घालावेत आणि सैल झालेला शेंबूड मऊ कापडाने हलकेच टिपावा. नाकात तेल मुळीच सोडू नये, कारण ते फुप्फुसात उतरू शकते. कापूर किंवा बामही लावू नये. आजीचा आग्रह मायेचा असला तरी कापराने बाळाला झटके येऊ शकतात. बाळ तीन महिन्यांहून लहान असून ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक असल्यास, अथवा श्वास घेताना छाती आत ओढली जात असल्यास, तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे.