चौथी गाळावी की शाळाच बदलावी?

प्रश्न : नमस्कार ताई. माझी मुलगी आठ वर्षांची आहे, तिसरीत शिकते. हातात पडेल ते वाचते, पाचवीची गणितं तोंडी सोडवते. मानसतज्ज्ञांकडून चाचणी करून घेतली, बुद्ध्यंक १४२ आला. शाळा म्हणते, पुढच्या वर्षी चौथी गाळून तिला थेट पाचवीत बसवू. दुसरीकडे प्रज्ञावंत मुलांच्या खास शाळेतही तिची निवड झाली आहे, पण ती लांब आहे. जाऊन-येऊन रोजचे अडीच तास जातील. वर्गशिक्षिकांना दोन्ही पसंत नाही. 'अक्षर बघा तिचं, खेळात हरली की रडते, एवढी घाई कशाला?' असं त्या म्हणतात. मोठा मुलगा याच शाळेत चौथीत आहे, तो अभ्यासात साधारण आहे. महिन्याभरात कळवायचंय आणि घरात रोज वाद चालू आहेत. काय करू?
– एक आई

उत्तर : पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे. मोठा चौथीत आहे. म्हणजे पुढच्या वर्षी तो पाचवीत जाणार आणि धाकटी बहीणही चौथी गाळून त्याच वर्गात येऊन बसणार. दोघांच्या तुकड्या वेगळ्या ठेवल्या तरी पेपर तेच, निकालाचा दिवस तोच. इयत्ता गाळण्याचा निर्णय घेताना अनेक ठिकाणी 'आयोवा अ‍ॅक्सिलरेशन स्केल' नावाची मार्गदर्शिका वापरतात. बाकी सगळ्या बाबींत मूल कितीही बसत असलं, तरी काही गोष्टी आढळल्या तर इयत्ता गाळू नका, असं ती स्पष्ट सांगते. त्यातली एक म्हणजे नव्या वर्गात सख्खं भावंड असणं. दुसरी, मुलाची स्वतःची इच्छा नसणं. या दुसरीबद्दल तुमच्या पत्रात अवाक्षर नाही. शाळा काय म्हणते, बाई काय म्हणतात, घरात काय चाललंय, सगळं आलं. मुलगी काय म्हणते ते राहिलं. आधी तिला विचारा.

तेव्हा पाचवीचा पर्याय मी बाजूला ठेवते. तो पर्यायच वाईट असतो म्हणून मात्र नव्हे. वरच्या वर्गात गेलेलं मूल एकटं पडतं, कोमेजतं, अशी भीती सगळ्यांनाच वाटते. पण नीट पारखून पुढे नेलेल्या मुलांच्या बाबतीत संशोधनात ती खरी ठरलेली नाही. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातून २००४ मध्ये निघालेल्या मोठ्या अहवालाचा सूरही तोच होता. तुमच्या घरात अडचण फक्त भावाची आहे.

त्याच्याबद्दलच आणखी थोडं. 'साधारण' हा शब्द तुम्ही त्याच्या कानावर पडेल असा वापरत नसाल, अशी आशा करते. मानसशास्त्रज्ञ लुइस टर्मन यांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्नियात चाचण्या घेऊन अतिबुद्धिमान मुलं निवडली आणि पुढे अनेक दशकं त्यांचा मागोवा घेतला. त्या चाळणीतून खाली पडलेल्यांत विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ हे दोघे होते. शॉकलींना १९५६ मध्ये आणि अल्वारेझ यांना १९६८ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निवडलेल्यांपैकी एकालाही ते मिळालं नाही. १४२ हा आकडा तुमच्या मुलीला आत्ता अधिक कठीण अभ्यास हवा आहे, एवढं सांगतो. तिच्या भावाबद्दल तो काहीच सांगत नाही.

आता बाईंचा आक्षेप. आठ वर्षांच्या मुलीचं डोकं अकराचं, हात आठचा आणि हरल्यावरचं रडणं सहाचं, हे अशा मुलांत नेहमी दिसतं. त्यात बिघडलेलं काही नाही. अक्षर सुधारेपर्यंत गणित थांबवायचं, हे मात्र मला अजिबात पटत नाही. उत्तरं तोंडी घ्या, टाइप करू द्या. उलट अक्षर का बिघडतं तेही एकदा पाहा. मी समुपदेशनासाठी वर्गात मागे बसायचे, तेव्हाचा एक मुलगा आठवतो. फळ्यावरची दहा उदाहरणं बाकीची मुलं तिसऱ्यावर असतानाच त्याची संपायची. मग तो खोडरबर काढून स्वतःचीच उत्तरं पुसायचा आणि पुन्हा लिहायचा. तास संपेपर्यंत पानाला भोक पडलेलं असायचं. वहीवर शेरा काय? 'टापटीप नाही.'

खास शाळेचं आकर्षण मला समजतं. आपल्यासारखीच मुलं भेटणं, विनोद समजावून सांगावा न लागणं, हे सुख मोठं असतं. पण एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. निवडक मुलांच्या वर्गात गेल्यावर मुलाचं स्वतःच्या हुशारीबद्दलचं मत बरेचदा खाली येतं, कारण तुलना आता तशाच मुलांशी होते. मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट मार्श यांनी १९८० च्या दशकात हे मांडलं आणि नंतर अनेक देशांत ते दिसून आलं. हरल्यावर रडणाऱ्या मुलीला हे पहिल्या सहामाहीत जड जाईल. त्यात रोजचे अडीच तास. ज्या मुलीला वाचायला वेळ पुरत नाही तिचे तेच तास जाणार. गाडीत वाचेल म्हणाल, तर गाडीत वाचून मळमळणारी मुलं कमी नाहीत.

माझं मत तिसऱ्या वाटेचं आहे, जी तुम्हाला कोणीच सुचवलेली दिसत नाही : वर्ग तोच, फक्त गणित वरचं. मुलीने पुढच्या वर्षी चौथीतच बसावं आणि गणिताच्या तासाला सहावीत जावं. पाचवीत नको, तिथे भाऊ आहे. आजचा नामवंत गणितज्ञ टेरेन्स ताओ नऊ वर्षांचा असताना विद्यापीठात गणिताच्या तासांना बसत होता, पण त्याची शाळा सुटलेली नव्हती. पूर्णवेळ विद्यापीठात पाठवण्याची घाई त्याच्या आईवडिलांनी केली नाही. वरच्या गणिताची ही सोय जमली नाही तर मागेही घेता येते. गाळलेली इयत्ता परत मिळवणं फार अवघड असतं.

शाळेकडे 'तिला काहीतरी जास्त द्या' असं मोघम मागू नका. त्यातून त्याच प्रकारची आणखी वीस उदाहरणं येतात, ती शिक्षाच असते. सत्र सुरू व्हायच्या आधी तिला चौथीचे आणि पाचवीचे गणिताचे वर्षअखेरचे पेपर द्यायला सांगा. जे येतं ते पुन्हा शिकवू नका, जे येत नाही तेवढंच शिकवा आणि मग सहावीत बसवा, असं लेखी मागा. शिक्षणतज्ज्ञ जोसेफ रेन्झुली आणि सॅली रीस यांनी ही पद्धत बांधली. रीस आणि सहकाऱ्यांच्या १९९३ च्या अभ्यासात अशा मुलांचा जवळजवळ निम्मा पाठ्यक्रम वगळला, तरी गुण घसरले नाहीत. चौथीच्या पेपरात तिला अपूर्णांक अडले, तर तेही कळू द्या. तोंडी हिशेब झरझर करणाऱ्या मुलांच्या अशा फटी राहून जातात.

दरम्यान खास शाळेला दोन गोष्टी विचारा : जागा वर्षभर राखून ठेवता येईल का, आणि मुलीला एक पूर्ण दिवस वर्गात बसू द्याल का. त्या दिवशी तिला त्याच वाहनाने, त्याच वेळेला न्या-आणा. तुमच्या शाळेने सहावीच्या तासाला नकार दिला आणि तिकडे तिचा जीव रमला, तर मी माझं मत बदलेन. वेळापत्रक जुळत नाही हे कारण शाळा हमखास देईल. तेव्हा चौथी आणि सहावी दोन्हींची वेळापत्रकं हातात घेऊनच मुख्याध्यापकांकडे जा.