वाचकांचे प्रश्न : स्फोट मुंबईत, कादंबरी हर्णैत

प्रश्न : माझ्या आजोबांचे थोरले भाऊ मुंबईच्या गोदीत हमाली करीत आणि १४ एप्रिल १९४४ च्या स्फोटात ते गेले. त्यांच्यावर दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी कादंबरी लिहावयास घेतली आहे. पहिल्या प्रकरणात स्फोटाचे सविस्तर वर्णन केले, परंतु सहावीतल्या माझ्या मुलीने ते अर्ध्यावर ठेवले. एक मित्र म्हणतो की मुलांना मृत्यू दाखवू नये. दुसरा म्हणतो की रणांगण नाही, तर ही युद्धकथाच नव्हे. काय करावे?
— एक वाचक, हर्णै

उत्तर : दोन्ही मित्रांचे ऐकू नये, असे आमचे मत आहे. व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटके आणि त्यांच्याच जवळ कापसाच्या गाठी होत्या. दुपारी आग लागली, चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. आग विझविण्यासाठी गेलेले अनेक जवान त्यात दगावले. शत्रूचे एकही विमान आले नव्हते, तरी तो दारूगोळा युद्धासाठीच आला होता. तेव्हा दुसऱ्या मित्राला एवढे उत्तर पुरे.

आपली खरी अडचण निराळी आहे. आपण जहाजाला नायक केले आहे, आणि जहाजासाठी मूल रडत नाही. त्या हमालाला घरी एखादी धाकटी बहीण असेल, तर कथा तिच्या डोळ्यांनी पाहावी. युद्ध तिच्या घरात स्फोटाच्या कितीतरी आधी शिरलेले असते: १९४२ साली ब्रह्मदेश जपानच्या हाती गेल्यावर तिकडचा तांदूळ बंद झाला, १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग आले, आणि ज्या कोकणात घर चाकरमान्याच्या मनिऑर्डरीवर चाले, तिथे पेजेतले पाणी वाढत गेले. मुलांना हे चटकन कळते, कारण ताटात काय पडले याकडे त्यांचे लक्ष मोठ्यांहून अधिक असते.

एप्रिलचा मध्य म्हणजे आपल्याकडे भाजावळीचे, पेरणीआधी शेतात पालापाचोळ्याचा राब जाळून जमीन भाजण्याचे दिवस. शेतात राब पेटलेला आहे, मुलीच्या डोळ्यांत धूर जातो आहे आणि त्याच दुपारी मुंबईत काय पेटले आहे याचा तिला पत्ता नाही, एवढे दाखविले तरी स्फोटाचे वर्णन निम्म्याने कमी होईल. युद्धकाळातील सेन्सॉरमुळे वर्तमानपत्रांतून सारे लगेच कळणे शक्य नव्हते आणि कोकणात तेव्हा रेल्वेही नव्हती. म्हणून बातमी तुटक येईल, कोणी गावाला परतलेला चाकरमानी एक सांगेल, दुसरा वेगळेच. मृत्यू लपवू नये, परंतु तो प्रेताच्या वर्णनातून न येता महिन्याच्या ठरलेल्या दिवशी पोस्टमन दारावरून पुढे निघून गेला, यातून यावा. आणि हो, त्या जहाजावरच्या सोन्याच्या विटा उडाल्याची हकीकत मुलांना फार आवडेल, पण ती गावातल्या पोरांच्या गप्पांत एकदाच येऊ द्यावी. एरवी कादंबरी खजिन्याच्या मागे धावेल.

आपल्या कुटुंबात त्या वर्षी जाणत्या वयाचे असलेले कोणी हयात असेल, तर लिहिण्याआधी त्यांच्याकडे जाऊन बसावे आणि स्फोटाविषयी विचारू नये. मनिऑर्डर कोण आणून देई, पत्र कोण वाचून दाखवी आणि भाऊ गावी येताना काय आणीत असे, ते विचारावे.